नवापूरचं तिकीट

पांडेसरा, सुरत
बुधवार

प्रिय उज्ज्वला,

तुला अनेक आशीर्वाद आणि दिपूला एक गोड पापा.

परवा फोनवर तू विचारलंस, आई, खरं सांगा, येऊ का मी परत? आणि मी 'आवाज येत नाही गं, आवाज येत नाही' करत फोन ठेवून दिला. आवाज चांगला खणखणीत येत होता. पण योगराज समोर जेवायला बसलेला, फोन स्पीकरवर, आणि त्याचा हातातला घास तसाच थांबलेला. त्याच्यासमोर मी काय सांगणार होते? म्हणून हा कागद. शेजारची रंजना उद्या तुमच्या दोंडाईच्याला तिच्या माहेरी निघाली आहे, तिच्याच हाती देते. पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलं आहे. फोडल्यासारखं दिसलं तर मला सांग. रंजना बाई चांगली आहे, पण तिला दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय अन्न पचत नाही. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल. तुझ्या भावाच्या हाती लागू देऊ नकोस.

तू माहेरी गेल्याला दीड वर्ष झालं. आता इथे जो तो म्हणतो, योगराजची दारू सुटली, मशीनने सुटली. आपल्या भावकीतले थोरले बाबुराव तर भाऊबंदांत सांगत सुटले आहेत की, आवाजाच्या लाटा डोक्यात सोडल्या आणि पोरगं धुतल्या तांदळासारखं झालं. त्या मशीनमध्ये झोपलेल्या योगराजचा टोप घातलेला फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला, त्याला चाळीस जणांनी हात जोडले. माझा काही विश्वास बसेना. मी बाबुरावांना तोंडावर म्हटलं, भाऊ, आवाजाने दारू सुटत असती तर बमरोलीत एक तरी दारुडा उरला असता का? बारा-बारा तास लूमच्या खडखडाटात उभे राहतात आणि सुटल्यावर दारूच्या पोटलीवाल्याकडेच जातात. त्यावर ते म्हणाले, हा आवाज वेगळा, हा कानाला ऐकू येत नाही. म्हटलं, वा! म्हणजे दिसत नाही, ऐकू येत नाही, दुखत नाही, आणि त्यावर मी माझी सून पणाला लावू?

तरी जे डोळ्यांनी पाहिलं ते तुला सरळ सांगते. गेल्या दिवाळीनंतर त्याला तिसऱ्यांदा फिट आली, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच सांगितलं की अमदावादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात असल्या हाताबाहेर गेलेल्या लोकांवर एक नवीन उपाय करून पाहत आहेत. उपाय म्हणजे अजून प्रयोगच. मी म्हटलं, माझा पोरगा काय उंदीर आहे? पण औषधं झाली, दोनदा व्यसनमुक्तीत राहून झालं, गळ्यात माळ घालून झाली. उरलं काय होतं? गेलो. तिथे एक डॉक्टरीणबाई होती, तुझ्याएवढीच असेल. तिने मला वेगळं बसवून विचारलं, किती वर्षांपासून पितो? योगराज बाहेर होता. नेहमीप्रमाणे सात-आठ वर्षं सांगायला तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, अठरा सांगून बसले. हो, बरोबर वाचलंस. अठरा. तुझ्या लग्नाला अकरा झाली. त्याचं पुढे लिहिते, आधी हे पुरं करू दे.

त्याचं डोकं भादरलं. टोपासारखं काहीतरी बसवलं, आत गार पाणी फिरत होतं म्हणे. मग त्या मोठ्या नळकांड्यासारख्या मशीनमध्ये सरकवलं. कापणं नाही, टाके नाहीत, गुंगीसुद्धा नाही, पोरगं आपलं जागं. समोर दारूच्या बाटल्यांची चित्रं दाखवायचे आणि किती प्यावीशी वाटते ते शून्यापासून दहापर्यंत सांगायला लावायचे. असं एकूण चार वेळा केलं. डॉक्टरीणबाईने मला कागदावर मेंदू काढून दाखवला. मधोमध, खोल, हरभऱ्याएवढी जागा. माणसाला जे जे हवंहवंसं वाटतं ते तिथून म्हणे. त्या जागेवर बाहेरून लाटा एकवटायच्या, म्हणजे हाव थंडावते. मी विचारलं, बाई, त्याच हरभऱ्यातून त्याला पोरगीही हवीशी वाटत असेल ना? ती हसली नाही. म्हणाली, तेच आम्ही बघतोय, म्हणून तर त्याला दोन वर्षं सारखं तपासणार. खरं सांगते, त्या सबंध हॉस्पिटलात मला पटलेलं तेवढं एकच उत्तर.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती बाबुराव कोणाला सांगत नाहीत. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, यात निम्म्या लोकांना खऱ्या लाटा देतात आणि निम्म्यांना नुसतंच आत झोपवून बाहेर काढतात, मशीन आवाज करतं पण आत काही सोडत नाही. कोणाला काय दिलं ते पेशंटलाही माहीत नाही आणि मलाही नाही. सगळं संपेल तेव्हा कळेल. मी म्हटलं, अगं, देवाच्या दारी तरी असं करतात का, की अर्ध्यांना प्रसाद आणि अर्ध्यांना नुसता द्रोण! ती म्हणाली, योगराजला आधी सगळं समजावून त्याची सही घेतली आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, हो माय, मालूम होतं. म्हणजे बघ, जगभर मशीन मशीन चाललं आहे, आणि ते चालू होतं का बंद, हे कोणालाच ठाऊक नाही. भरलेलं असेल तर ठीक, मशीनने सोडवली. रिकामं असेल तर मग त्याने स्वतःच सोडली, आणि मग माझ्या जिवाचा नुसता संताप होतो. स्वतः सोडता येत होती तर मेल्या, इतकी वर्षं का नाही सोडलीस? बायकोच्या अंगावरचा एकेक दागिना गेला तेव्हा का नाही?

घरी आल्यापासून मी त्याच्यावर नजर ठेवून आहे. मी दारातच साड्यांचे धागे कापत बसते, तुला माहीत आहे, माझ्या नजरेखालून मुंगी जात नाही. त्याच्या साऱ्या खोड्या मला पाठ आहेत. पोटली पाण्याच्या टाकीत सोडायची, हिंगाच्या डब्यात लपवायची, घरात शिरण्याआधी पेरूची पानं चावायची. मी टाकीत रोज हात घालते. त्याच्या चपला उलट्या करून बघते. तो बमरोलीहून लूमच्या खात्यावरून आला की काहीतरी निमित्त काढून तोंडाजवळ नाक नेते, कधी डोळ्यात काय गेलं बघ म्हणते, कधी दाढीला साबण राहिला म्हणते. एकदा खात्यावरून येताना पेरू खाऊन आला, नुसता पेरू, पान नव्हे, तर मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. त्याला कळतं सगळं. मग एके दिवशी आपणहून माझ्यासमोर उकिडवा बसला, आ केला आणि म्हणाला, ले माय, सुंगी ले. मला लाज वाटली. पण सुंगलं मी.

वास नव्हता. पाच महिन्यांत एकदाही नव्हता. हे मी दिपूची शपथ घेऊन लिहिते, कारण जे चांगलं आहे तेही तुझ्यापर्यंत यायला हवं. हात थरथरत नाहीत. तुटलेला धागा एका झटक्यात सांधतो, शेठने चार लूम परत दिले आहेत. डोळ्यातला पिवळेपणा गेला. सकाळी उठून स्वतः पाणी भरतो. पण उज्ज्वला, तो असा गरीब गाय झाला आहे ना, की मला त्याचीच भीती वाटते. भरीत केलं तरी चालेल, नुसती खिचडी टाकली तरी चालेल. भांडत नाही, हट्ट नाही, मिरचीचा ठेचा कमी तिखट झाला तर ताट सरकवायचा तो आता मुकाट जेवतो. मला वाटतं, त्या हरभऱ्यातून दारूबरोबर आणखीही काही काढून घेतलं का यांनी? अमदावादहून दर महिन्याला फोन येतो, त्यात विचारतात, हाव किती? हा म्हणतो, दोन. कधी म्हणतो, दीड. आता आकडा सांगायला याचं काय जातं? शेठला साठ मीटर कापडाचे ऐंशी सांगणारा हा माणूस. आणि तिकडे लिहून घेणाऱ्यांनाही कमीच आकडा गोड लागत असणार. रंजना म्हणते, मावशी, तुम्हाला चांगलं झालेलं सोसत नाही. असेल बाई. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर किती वेळा पोळले त्याची गणती नाही.

आता त्या दिवसाचं लिहायचं. तू का गेलीस ते तुला मी काय सांगू? पण हे मला एकदा तुझ्यापाशी कबूल करायचं आहे, कारण त्या वेळी मी तुझ्या बाजूने बोलले नाही. त्याने दिपूला शाळेतूनच फिरवायला नेतो सांगून गाडीत घातलं आणि नवापूरला नेलं. इथल्या पोटलीने भागत नव्हतं म्हणून तिकडे, महाराष्ट्राच्या हद्दीत, उघडपणे बसून प्यायची होती. सहा वर्षांच्या पोरीला फलाटावरच्या बाकड्यावर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि हा गेला तो चार तास आलाच नाही. पोलिसांनी तिच्या दप्तरातल्या वहीवरून तुझा नंबर शोधला. तू तिला घेऊन आलीस, पेटी भरलीस. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, पोरगी सापडली ना, मग आता कशाला तमाशा? तुझ्या त्या वेळच्या तोंडाकडे मी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं, तरी म्हणाले. माफी मागायला मला दीड वर्ष लागलं.

आता ऐक. मागच्याच्या मागच्या सोमवारी त्याची पँट धुवायला घेतली तर खिशातून तिकीट निघालं. उधना ते नवापूर, जाऊन-येऊन. तारीख रविवारची. रविवारी खात्याला सुट्टी, आणि तो तर मला म्हणाला होता की भेस्तानला त्याच्या दोस्ताकडे, मगनकडे जातोय. सुरतेतला कोणीही माणूस तुला सांगेल, आपला माणूस नवापूरचं जाऊन-येऊन तिकीट काढतो ते कशासाठी. तिथे ना आपला कोणी नातेवाईक, ना देव. मी तिकीट पुन्हा खिशात ठेवलं, पँट तशीच न धुता खुंटीला लावली. मग कॅलेंडरवर मागचे रविवार मोजले. महिन्यातून दोनदा तरी मगनकडे गेला होता. आणि मगनची बायको मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली होती, योगराजभाई तर आमच्याकडे फिरकतही नाहीत आता.

गेल्या रविवारी तो निघाला आणि पाठोपाठ मी निघाले. रंजनाची साडी नेसून पदर डोक्यावर घेतला, कारण माझ्या सगळ्या साड्या तो ओळखतो. या वयात पोराच्या मागावर निघालेली आई! उधन्याला तो पुढच्या डब्यात चढला, मी बायकांच्या डब्यात. बारडोली गेली, व्यारा गेलं, मी प्रत्येक स्टेशनला डोकं बाहेर काढून बघत होते, उतरतो का, उतरतो का. मनात म्हणत होते, कुठेही उतर रे बाबा, दुसरी बाई ठेवली असलीस तरी चालेल, नवापूरला उतरू नकोस. असं आईने म्हणावं का? पण म्हणाले. तो नवापूरलाच उतरला. फलाटावर एका बाकड्यावर जाऊन बसला, तासभर तरी. काही खाल्लं नाही, फोन काढला नाही, हात मांडीवर ठेवून बसला होता. ते दिपूचंच बाकडं होतं का, मला ठाऊक नाही. मी चहाच्या टपरीआड उभी होते, माझे गुडघे दुखून आले, आणि मला एकदा वाटलंही, जावं, पाठीवर हात ठेवावा आणि घरी घेऊन यावं. तेवढ्यात तो उठला, स्टेशनाबाहेर गेला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या बारमध्ये शिरला.

उज्ज्वला, मी घड्याळात पाहिलं, म्हणून सांगते. तेवीस मिनिटं. तेवीस मिनिटं मी त्या रस्त्यावर उन्हात उभी होते. आत जायचं धाडस झालं नाही. मग तो बाहेर आला. सरळ चालत आला, पाय इकडचा तिकडे नाही. घाम पुसला आणि परतीच्या गाडीला जाऊन उभा राहिला. उधन्याला उतरल्यावर मी रिक्षा करून त्याच्या आधी घर गाठलं, साडी बदलली, कातर हातात घेऊन दारात बसले. तो आला तशी मी उठून सरळ त्याच्या तोंडाला नाक लावलं, निमित्तबिमित्त काही नाही. वास नव्हता. ना दारूचा, ना पानाचा, ना वेलदोड्याचा. उपाशी माणसाच्या तोंडाचा वास येतो ना, तेवढाच होता. मी विचारलं, कोठे गयथा? आणि तो माझ्या डोळ्यात बघून म्हणाला, मगनकडे गयथू, माय.

आता तूच सांग, मी याचं काय करू? बसून बसून मी सगळे विचार केले. कदाचित तो स्वतःला तपासायला जात असेल. सुरतेत दारू दिसत नाही, ती लपूनछपून मिळते. समोर भरलेला ग्लास आला तर आपण टिकतो का, हे कळायला नवापूरलाच जावं लागेल. मशीन खरं होतं का रिकामं, हा संशय माझ्याइतकाच त्यालाही खात असेल. तसं असेल तर त्याच्यासारखा मर्द नाही, आणि मी त्याची दृष्ट काढेन. पण कदाचित त्या दिवशी बारमध्ये गर्दी असेल. कदाचित आत कोणी ओळखीचं भेटलं असेल म्हणून निघाला. कदाचित पुढच्या वेळी चाळीस मिनिटं बसेल. प्यायला नाही हे खरं, पण खोटं बोलला हेही खरं, आणि तेही पापणी न लववता. त्याला मी पुन्हा विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण असं खोटं बोलायला तो ज्या घरात शिकला, ते घर माझं आहे.

तर ती अठरा वर्षं. तुझे वडील किसनभाऊ मुलगा बघायला आमच्या खोलीवर आले होते, आठवतं? तू नव्हतीस, पण तुला सांगितलं असेल की मुलगा डबल पाळीवर आहे म्हणून भेटला नाही, फोटो पाहून आलो. तो पाळीवर नव्हता, उज्ज्वला. भिंतीपलीकडे रंजनाच्या खोलीत पडला होता, शुद्ध नव्हती. किसनभाऊंनी निघताना मला दाराबाहेर बोलावलं. हात जोडून म्हणाले, धुरपदाताई, माणसं काहीही सांगतात, तुम्ही एक आई म्हणून सांगा, पोरगं काही घेतं का? मी म्हटलं, भाऊ, सुपारीचं खांडसुद्धा नाही. तरी त्यांना पटेना, तेव्हा मी कानबाईची शपथ घेतली. देवीची, जिचे रोट मी तीस वर्षं केले तिची. त्यांचे डोळे भरून आले, म्हणाले, झालं, आता दुसरं स्थळ बघत नाही. लग्नानंतर पंधराव्या दिवशी तो पिऊन आला आणि तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा मी म्हटलं, हा त्या मगनच्या संगतीचा गुण, आधी असा नव्हता. अकरा वर्षं मी त्या बिचाऱ्या मगनला शिव्या दिल्या, तूही दिल्यास. मगन तर चहाच्या पुढे गेलेला नाही. मला वाटलं होतं, बायको आली की सुधारेल. सगळ्याच आया असं म्हणतात आणि कोणाची तरी लेक आणून त्या खड्ड्यात लोटतात. मी तुला जाणूनबुजून फसवलं. तू माझे पाय चेपायचीस तेव्हा मला झोपेचं सोंग घ्यावं लागायचं.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते सांगते. येत्या रविवारी बाबुराव, योगराज आणि मी तुला न्यायला येत आहोत. बाबुरावांचं तुझ्या भावाशी बोलणं झालं आहे, तुला बहुतेक सांगितलेलं नसेल. त्याच्या पुढच्या रविवारी कानबाई बसणार, तोवर सून घरात हवी असा सगळ्या भाऊबंदांचा हट्ट आहे, आणि आई सांगतील तर येते असं तू म्हणालीस म्हणून ते मला सोबत आणत आहेत. तिथे किसनभाऊ समोर बसतील. योगराज खाली मान घालून बसेल. दिपू पळत येऊन माझ्या मांडीत शिरेल. मग बाबुराव म्हणतील, बोला धुरपदाबाई, आणि मी बोलेन. मी स्वतःला साठ वर्षं ओळखते. मी म्हणेन, चल बेटा, सुधारला तो, माझी जबाबदारी. मला तू हवी आहेस, दिपू हवी आहे, ते रिकामं घर मला खायला उठतं, आणि तो माझा एकुलता एक पोरगा आहे, त्याच्या तोंडावर मला नाही म्हणता येणार नाही. मी पुन्हा देवीची शपथ घेईन. रडेन, आणि ते रडणं खोटं नसेल. तू त्या बाईचं ऐकू नकोस. आधी त्याला सगळ्यांसमोर नवापूरचं विचार, मी पाहिलं म्हणून सांग, खुशाल माझं नाव घे. तो काय सांगतो ते ऐक आणि मग यायचं की नाही ते तू ठरव, दोन महिन्यांनी ठरव, दोन वर्षांनी ठरव. तू विचारलंस, आई, खरं सांगा. खरं एवढंच आहे, उज्ज्वला, की तो सुधारला का ते मला माहीत नाही, आणि रविवारी मी माहीत आहे म्हणून सांगणार आहे.

तुझीच, आणि या कागदापुरती तरी खरी,
आई